पुढचं दार

सिरॅक्यूज,
१४ नोव्हेंबर

ती. अर्नेस्टीनताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

ताई, हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. आधी खुर्ची ओढ आणि बस. तुझ्या भावाचं नाव निघालं! राज्यानं गांज्याच्या दुकानांचे पहिले परवाने कुणाला द्यायचे ते जाहीर केलं, त्यात वर्डेल गॅस्किन्स आहे. अट तुला मागेच कळवली होती. ज्याला पूर्वी गांज्यापायी शिक्षा झाली आणि ज्यानं पुढे एखादा छोटा धंदा सचोटीनं करून दाखवला, त्याचा नंबर आधी. शिक्षा तर माझ्याकडे भरपूर होती, आणि धंदा म्हणजे माझी बर्फ उपसायची गाडी. ती गाडी मी विकली. तुझी भावजय योलांडा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण गाळा घ्यायला दुसरं होतं काय आपल्याकडे?

गाळा कुठला, ओळख. हॉली स्ट्रीटवरचं बूट दुरुस्तीचं जुनं दुकान. हो, तेच. ज्याच्या पायरीवर मी बाविशीत बसलो होतो, खिशात एवढीशी पुडी, आणि पोलिसांनी मला कॉलर धरून उचललं होतं. त्याच पायरीवर आता मी किल्ली घेऊन उभा राहतो. मला फार मजा वाटते, ताई. सूड उगवल्यासारखी म्हण हवं तर.

आता दुसरी बातमी, आणि ती गोड नाही. केकची खरकटी ताटं अजून सिंकमध्ये होती, तेवढ्यात वकीलबाईंचा फोन आला. प्रुइट नावाची मुलगी आहे, वयानं लहान पण तोंडानं फटकळ, मला आवडते. ती म्हणाली की दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीनं कोर्टात दावा लावलाय. म्हणणं असं, की शिक्षा याच राज्यात झालेली असली पाहिजे ही अट बाहेरच्यांवर अन्याय करते. जजसाहेबांनी निकाल लागेपर्यंत आपल्या भागातले परवाने रोखून धरलेत. म्हणजे परवाना माझा आहे आणि माझ्या हातात नाही. गाळा सोडला तर नंबर जातो. गाळ्यात दुसरं काही विकायची मुभा नाही. वकीलबाई म्हणाली थोडी कळ काढा. मी म्हटलं, बाई, कळ काढण्यात माझा हात धरणारा या राज्यात सापडायचा नाही.

तुझे पीकानचे दाणे मिळाले. योलांडानं लपवून ठेवलेत.

कळावे. माया जशी आहे तशीच राहू दे.

तुझा,
वर्डेल


ऑरेंजबर्ग, साउथ कॅरोलायना
२९ नोव्हेंबर

चि. वर्डेल यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू तुरुंगात होतास तेव्हा फोन परवडत नव्हता म्हणून आपण ही पत्रं सुरू केली आणि आता फोन फुकट झाला तरी मोडवत नाही. चांगलंच आहे. फोनवर तू माझं अर्धंच ऐकतोस.

खरं सांगू? हसावं की रडावं मला कळेना. आठवतं ना, तू आत गेलास तेव्हा आईनं चर्चमध्ये काय सांगितलं होतं? पोरगा नेव्हीत भरती झाला म्हणून. जहाजाचं नावसुद्धा ठेवलं होतं तिनं, रोज एक निराळं सांगू नये म्हणून मला पाठ करायला लावलं होतं. तू सुटून येईपर्यंत ते जहाज तिनं समुद्रात तरंगत ठेवलं आणि एकालाही संशय आला नाही. देवाच्या घरात एवढं सफाईदार खोटं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि आता तुझं नाव पेपरात, शिक्षेसकट, वर गुणवत्तेत पहिला आल्यासारखं! आई असती तर पेपर चुलीत घातला असता. मग हळूच एक प्रत ट्रंकेत ठेवली असती.

गांजा मला आवडत नाही, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण ज्यापायी सरकारनं तुझी उमेदीची वर्षं खाल्ली, तेच आता सूट-बूटवाले काचेच्या बरणीत घालून विकणार असतील, तर माझ्या भावानं का विकू नये? या प्रश्नाला आमच्या पाद्र्यांकडेही उत्तर नव्हतं. मी विचारलं होतं.

गाडी विकायला नको होती मात्र. सिरॅक्यूजमध्ये बर्फ विकत घ्यावा लागत नाही, तो आपोआप पडतो. असो. आता बोलून काय उपयोग.

योलांडाला सांग, पीकान मी मोजून पाठवलेत.

कळावे. पत्राला उशीर करून म्हातारीला घोर लावू नकोस.

तुझी,
ताई


सिरॅक्यूज,
५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, हेच लिहायचं जिवावर येत होतं. रोज सकाळी मी गाळा उघडतो, झाडतो, काउंटर पुसतो आणि बसतो. काउंटर फार देखणा झालाय, मेपलचा, मीच केला. त्याच्यामागे बसून रस्त्यावरचा बर्फ बघतो. माझी विकलेली गाडी त्याच रस्त्यानं बर्फ उपसत जाते. नव्या मालकाला फाळ नीट धरता येत नाही, कडेचा ढीग माझ्याच पायरीवर टाकून जातो. मी ओरडत नाही. फावडं घेऊन काढतो.

आणि समोर काय आहे सांगू? बरोबर समोर, कोपऱ्यावरच्या इमारतीत एक बिनपरवान्याचं दुकान. निळे-हिरवे दिवे, काचेवर गांज्याचं हे एवढं पान, दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ. ना अर्ज, ना शिक्षा, ना वकील. ज्यानं सगळं कायद्यानं केलं तो इकडे माशा मारतोय, आणि माशासुद्धा नाहीत, थंडी आहे. दुकानदार पोरगा भला आहे. परवा मला हात करून म्हणाला की काका, तुम्ही केव्हा उघडणार? माझं डोकं असं फिरलं! घरी येऊन योलांडावर ओरडलो. तिनं नुसतं सूप पुढे ठेवलं, त्याचं जास्त वाईट वाटलं.

तुरुंगात निदान सुटकेची तारीख असायची, ताई. भिंतीवर लिहून ठेवता यायची. इथे वकीलबाईला विचारतो केव्हा, तर ती म्हणते सांगता येत नाही. दर खेपेला तेच.

तुझ्या कानावर आलं असेलच, गेल्या आठवड्यातल्या बर्फानं आपल्या चर्चचं छप्पर खाली आलं. कुणाला लागलं नाही, शनिवार होता. इमारत पालिकेनं सील केली. टॉलिव्हर पाद्रीबाबा रस्त्यावर उभे राहून बघत होते, डोक्यावर टोपीही नव्हती. मी त्यांना घरी सोडलं. आईची बसायची जागा बरोबर त्या छपराखाली होती.

कळावे. तुझ्या मायेची ऊब इकडे फार लागते, पाठवत जा.

तुझा,
वर्डेल


ऑरेंजबर्ग,
१६ फेब्रुवारी

चि. वर्डेल यास,
अनेक आशीर्वाद.

तू एवढा मोठा झालास पण तुला साधी गोष्ट सुचत नाही. चर्चला माणसं आहेत, छप्पर नाही. तुला छप्पर आहे, माणसं नाहीत. मग बसलायस कशाला? दे त्यांना गाळा रविवारपुरता. विकायला मनाई आहे, प्रार्थनेला मनाई आहे का? त्या प्रुइटला विचार आणि नसेल तर लगेच टॉलिव्हरकडे जा. भाडं घेशील तर मी तुझं तोंड बघणार नाही.

मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. त्या लोकांसमोर जायची तुला लाज वाटते, पेपरात सगळं आल्यापासून. मागच्या बाकावर बसतोस आणि शेवटचं गाणं संपायच्या आत निघून जातोस, हॅटीमावशीनं मला फोनवर सांगितलं. तिची दृष्टी गेली असं डॉक्टर म्हणतात, मला काही पटत नाही.

नुसता बसून राहू नकोस रे. बसून राहिलास की तू आपल्या वडिलांसारखा दिसतोस.

कळावे. राग आला तर येऊ दे, लोभ कमी होता कामा नये.

तुझी,
ताई


सिरॅक्यूज,
१० एप्रिल

ती. ताईस,
आनंदानं सा. न. वि. वि.

तू जिंकलीस, नेहमीसारखी. आता दर रविवारी माझ्या गाळ्यात उपासना होते. घडीच्या खुर्च्या, योलांडाचा जुना कीबोर्ड, आणि पाद्रीबाबांना व्यासपीठ म्हणून माझा मेपलचा काउंटर. पहिल्याच रविवारी ते त्या काउंटरवर मूठ आपटून नशापाण्याविरुद्ध बोलले! बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं आपण कुठे उभे आहोत. थांबले, काउंटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सगळा गाळा हसायला लागला. हॅटीमावशी तर काठी आपटून हसत होती. आईची ही मैत्रीण आता नव्वदीकडे आली, पण टोपी, हातमोजे आणि जीभ तिन्ही जागच्या जागी आहेत. त्या दिवशी मी शेवटचं गाणं संपेपर्यंत थांबलो. थांबावंच लागलं, कुलूप माझं होतं.

आणखी ऐक. समोरच्या बिनपरवानावाल्याला पोलिसांनी उठवलं. निळे दिवे गेले. पोरगा जाताना माझ्याकडून चिकटपट्टी कापायची कात्री मागून गेला, खोके बांधायचे होते. कोपऱ्यावरची ती जागा रिकामी झाली आणि पाद्रीबाबांनी ती चर्चसाठी कायमची घेतली. म्हणाले, या रस्त्यावर आम्हाला नवी माणसं मिळाली, आता आम्ही हा रस्ता सोडत नाही. मला काय आनंद झाला! रोज संध्याकाळी मी तिथेच असतो. रंग मी दिला, पाट्या मी ठोकल्या. रिकाम्या हातांना काम मिळालं की माणूस किती लवकर माणसात येतो.

त्या इमारतीला दोन दारं आहेत. एक हॉली स्ट्रीटवर, माझ्या समोर, पण आधीच्यानं ते विटांनी बुजवून काच लावली होती. दुसरं बाजूच्या गल्लीत, कचऱ्याच्या पेट्यांजवळ. सगळे म्हणतात गल्लीतलं चालवून घेऊ, विटा काढायचा खर्च कशाला. तुझं काय मत?

कळावे. अशीच हक्कानं रागावत राहा.

तुझा,
वर्डेल


ऑरेंजबर्ग,
२२ एप्रिल

चि. वर्डेल यास,
अनेक आशीर्वाद.

माझं मत काय विचारतोस? पर्लीन गॅस्किन्सचा मुलगा तू! कचऱ्याच्या पेट्यांजवळून देवाच्या घरात? आई याच गावात लहानाची मोठी झाली. गोऱ्यांच्या डॉक्टरकडे मागच्या दारानं, हॉटेलात मागच्या दारानं, कपड्याच्या दुकानात तर मागच्या दारानंही नाही. सिरॅक्यूजच्या बस स्टँडवर उतरली तेव्हा तिनं शपथ घातली होती स्वतःला, की आता मागच्या दारानं कुठेही जायचं नाही. आठवतं, बर्फ गुडघ्यापर्यंत असला तरी चर्चला वळसा घालून पुढच्या दारानंच जायची आणि आपले पाय गारठायचे?

विटा काढ. दार मोठं कर, दोन फळ्यांचं, आणि हॉली स्ट्रीटकडे तोंड करून. दाराचे पैसे मी पाठवतेय, आईच्या नावानं. त्यावर पितळेची छोटी पाटी लाव तिच्या नावाची. गल्लीतलं दार झाडूवाल्याला ठेवा.

मला त्या दाराचा फोटो हवा. हॅटीमावशी दारात उभी असलेला.

कळावे. दार बसलं की मग लोभाचं बोलू.

तुझी,
ताई


सिरॅक्यूज,
६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो सोबत आहे. हॅटीमावशीनं नवी जांभळी टोपी घेतली त्यासाठी. दार ओकचं आहे, मी स्वतः बसवलं. पाटीला मावशीनं हातमोजा काढून हात लावला. 

त्यानंतरच्या आठवड्यात स्थगिती उठली. हो, उठली! कंपनीची आणि राज्याची तडजोड झाली, आपला भाग मोकळा. मी आणि योलांडा स्वयंपाकघरात नाचलो, माझा गुडघा अजून दुखतोय. मग शेवटची तपासणी करायला परवाना कचेरीचा माणूस आला. काठीला चाक लावलेलं माप त्याच्याकडे होतं. माझ्या दारातून ते चाक ढकलत रस्ता ओलांडून गेला आणि आईच्या पाटीसमोर थांबला.

ताई, नियम असा आहे की एकाच रस्त्यावर, समोरासमोर दारं असलेलं चर्च ठरावीक अंतराच्या आत असेल तर गांज्याच्या दुकानाला परवाना नाही. मला नियम माहीत नव्हता असं नाही. गाळा घेताना मी स्वतः फीत घेऊन आजूबाजूच्या सगळ्या चर्चांचं, शाळांचं अंतर मोजलं होतं. आपलं जुनं चर्च लांब होतं. पण चर्च चालत माझ्या समोर येईल आणि मीच त्याला दार करून देईन, हे कुणाच्या डोक्यात येणार? ते परकं चर्च असतं तर शंका आली असती. ती आपली माणसं होती, मोजायचं सुचलंच नाही. वकीलबाईनं तर कपाळाला हात लावला. म्हणाली, परवाना वेळेवर मिळाला असता तर नंतर आलेल्या चर्चनं काही बिघडलं नसतं. स्थगितीमुळे कायद्याच्या लेखी चर्च आधीचं आणि मी नंतरचा.

वाट एकच आहे. चर्चनं हॉली स्ट्रीटचं दार कायमचं बंद करायचं आणि गल्लीतलं दार वापरायचं. मग रस्ता बदलतो आणि माप लागू होत नाही. मी पाद्रीबाबांना हे सांगितलेलं नाही. कसं सांगू? त्या दाराला मी हातानं पॉलिश केलंय. गाडी गेली, गाळ्याचा करार गळ्यात आहे, आणि मागायचं काय, तर हे. माझ्याच्यानं मागवणार नाही.

कळावे. या खेपेला काय लिहायचं सुचत नाही.

तुझा,
वर्डेल


ऑरेंजबर्ग,
१५ जून

चि. वर्डेल यास,
अनेक आशीर्वाद.

दार मी मागितलं होतं, तेव्हा बंद करायलाही मीच सांगणार. टॉलिव्हरना मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की ज्यानं आम्हाला छप्पर दिलं त्याच्यासाठी आम्ही खिडकीतूनही आत जाऊ. रविवारी सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. हॅटीमावशीनं केला की नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तू आता खिळे ठोक. रडायचं असेल तर ठोकताना रड, आवाजात कळत नाही.

मीच मेली, फोटो हवा होता मला!

कळावे. चूक माझी, लोभ तुझा.

तुझी,
ताई


सिरॅक्यूज,
२० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दार बंद केलं. चाकवाला माणूस परत आला, खूष झाला, सही केली. काचेवर मी उघडण्याची तारीख रंगवली, पिवळ्या अक्षरात. माल यायचा होता. आणि त्याच आठवड्यात दुसरी स्थगिती आली, या खेपेला सबंध राज्यभर.

दावा कुणी लावला ते ऐक आणि घट्ट धरून बस. लढाईत जायबंदी झालेल्या काही माजी सैनिकांनी. त्यांचं म्हणणं, कायद्यात आम्हालाही प्राधान्य लिहिलंय, मग शिक्षा झालेल्यांनाच आधी का? पेपरात त्यातल्या एकाचा फोटो आलाय, पाय नाही. मी त्याच्यावर चिडायचा खूप प्रयत्न केला. जमेना. त्याचंही बरोबर आहे, माझंही बरोबर आहे, आणि दोघांची दुकानं बंद आहेत. योलांडा म्हणाली, सासूबाईंचं ऐकून खरंच नेव्हीत गेला असतात तर आज रांगेत पुढे असता. आम्ही दोघं इतके हसलो, आणि मग ती एकदम उठून न्हाणीघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता.

आता हॉली स्ट्रीटवर दोन बंद दारं समोरासमोर आहेत. एक जजनं बंद केलेलं, एक मी. माझ्या काचेवरची तारीख उलटून गेली. पुसायला हात होत नाही. आईचं दार परत उघडावं तर सही रद्द होते, आणि उद्या स्थगिती उठली तर पुन्हा पहिल्यापासून. बंद ठेवावं तर कशासाठी बंद ठेवलंय ते कुणाला सांगता येत नाही.

बाकी सगळे गल्लीतून जातात. पण हॅटीमावशी दर रविवारी आधी पुढच्या दाराशी येते. टोपी, हातमोजे. काठीनं दार वाजवते. आतून कुणी उघडणार नाही हे तिला माहीत आहे. मग मी पुढे होतो, ती माझा हात धरते आणि आम्ही कोपरा वळून पेट्यांमधून जातो. गेल्या रविवारी ती मध्येच थांबली. म्हणाली, की कॅरोलायनात गोऱ्यांसाठी मागनं गेले, इथे तुझ्यासाठी जाईन, माझी तक्रार नाही. फक्त केव्हापर्यंत ते सांग, माझ्याकडे फार दिवस नाहीत.

ताई, मी घरी हातोडी काढून ठेवलीय. या रविवारी खिळे उपसावेत असं मनात येतं. परवाना गेला तर जाऊ दे. तू सांगशील तसं करीन.

कळावे. उत्तर लवकर दे, एवढीच माया कर.

तुझा,
वर्डेल


ऑरेंजबर्ग,
२७ ऑगस्ट

चि. वर्डेल यास,
अनेक आशीर्वाद.

हातोडी जागेवर ठेव. आता जे सांगते ते आईनं मला कधी सांगू दिलं नव्हतं. ती गेली, तेव्हा तिची परवानगी मी गृहीत धरते.

तू आत होतास तेव्हा मी अजून सिरॅक्यूजलाच राहत होते, आणि महिन्यातून एका शनिवारी मी तिला गाडीनं तुझ्याकडे आणायची. तुला ती भेटीच्या खोलीत बसलेली दिसायची, टोपी, हातमोजे, पर्स मांडीवर, जशी काही राज्यपालांकडे चहाला आलीय. तू दर वेळी विचारायचास, त्रास नाही ना झाला? ती म्हणायची, कसला त्रास, गाडी अगदी दारात लागते. कुठल्या दारात, ते तुला कधी कळलं नाही. भेटायला येणाऱ्यांचं दार मागच्या अंगाला होतं, वर्डेल. लाँड्रीच्या गाड्या लागायच्या तिथे, उष्ट्याच्या पिंपांच्या शेजारी.

पहिल्या खेपेला ती पुढच्या दाराकडे चालत गेली. पहारेकऱ्यानं सांगितलं की हे साहेबलोकांचं. ती परत येऊन गाडीत बसली. मला वाटलं आता घरी चला म्हणेल. काचेत बघून तिनं टोपी सारखी केली. हातमोजे काढले होते ते पुन्हा घातले. मग उतरली आणि पिंपांमधून चालत आत गेली, मान ताठ. तू सुटेपर्यंत एक महिना चुकली नाही. चर्चमध्ये सांगायची, मुलाचं जहाज बंदराला लागलंय, भेटून येते.

शपथ तिनं स्वतःला घातली होती आणि तुझ्यासाठी स्वतःच मोडली होती. तेव्हा तिच्या नावाचं दार तुझ्यासाठी बंद राहिलं तर तिला चालेल. मी तिच्या पोटची आहे, मला माहीत आहे. हॅटीमावशीला हे वाचून दाखव. तिला तारीख देता येत नसेल तर निदान हे दे.

कळावे. आमची माया मागच्या दारानंही येते, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
ताई


सिरॅक्यूज,
११ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी मी एकट्यानं वाचलं, गाळ्यात, काउंटरमागे बसून. त्याबद्दल काही लिहीत नाही. ती समोर बसलेली असायची आणि मी तिला जेवणाबद्दल तक्रारी सांगायचो.

रविवारी हॅटीमावशीला वाचून दाखवलं, बंद दारासमोरच उभं राहून. तिनं सगळं ऐकलं. जराही नवल दाखवलं नाही. मग मलाच विचारलं, की बाळा, सिरॅक्यूजपासून समुद्र किती लांब आहे? कुठल्या बंदराला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं? म्हणाली, की पहिल्या महिन्यापासून अख्ख्या चर्चला ठाऊक होतं. पण पर्लीन शनिवारी नवी टोपी घालून निघायची, म्हणून रविवारी आम्ही सगळे तिला विचारायचो, जहाज बरं आहे ना? ती म्हणायची, बरं आहे. तेवढंच विचारायचं असं ठरलं होतं आमचं. आणि पेपरात नाव आल्यापासून मी त्यांच्यापासून तोंड लपवत मागच्या बाकावर बसत होतो!

वकीलबाईला पुन्हा विचारलं. सुनावणी पुढे गेली, केव्हावर ते अजून ठरलेलं नाही. खिळे जागेवर आहेत. काचेवरची तारीख पुसली.

कळावे. तू आहेस तोवर मला लोभाची चिंता नाही.

तुझा,
वर्डेल

ता. क. एक लिहायचं राहिलं. पत्र वाचून झाल्यावर मी मावशीला म्हटलं की केव्हापर्यंत ते मला अजूनही सांगता येत नाही. तिनं पाटीवर काठी टेकवली, टोपी सारखी केली, माझा हात धरला आणि गल्लीकडे वळली. म्हणाली, चल लवकर, जहाज बंदराला लागलं असेल.